शेवटच्या नावाची नोंद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



ज्या भूमीवर हा मेळावा भरला आहे ती आज संगणक उद्योगाच्या नावाने जगभर ओळखली जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या संस्थेने ही वसाहत वसवण्यास घेतली, तेव्हा येथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांची ३३२ एकर जमीन होती. शेते गेली, इमारती आल्या. तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली तेव्हा एका स्थानकाच्या फलकावर ‘कोनप्पन अग्रहार’ हे नाव झळकले. गाव बदलले, परंतु नाव राहिले. कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. त्यासाठी उदाहरण मात्र दूरचे घ्यायचे आहे. ते आहे जपानमधील सुमो कुस्तीच्या संग्रहालयाचे.

याच वसाहतीत नोकरी करणारा शाळेचा एक माजी विद्यार्थी कामानिमित्त टोकियोला गेला होता. लहानपणी आजोबांचे बोट धरून तालमीत गेलेला, जत्रेतल्या फडात हलगीच्या तालावर बसलेला हा मुलगा. सुटीच्या दिवशी सहकारी मोठमोठी दुकाने पाहण्यास निघाले आणि हा गेला ऱ्योगोकू भागात सुमो संग्रहालय पाहण्यास. परतल्यावर त्याने शाळेला जे कळवले त्यात वर्णनापेक्षा प्रश्नच अधिक होते. त्या प्रश्नांनी शाळेला विचार करण्यास भाग पाडले.

प्रथम त्या संग्रहालयाविषयी. ऱ्योगोकू कोकुगिकान हे सुमोचे राष्ट्रीय क्रीडागृह. सुमारे अकरा हजार प्रेक्षक बसतील एवढे ते भव्य आहे. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर एका दालनाचे हे संग्रहालय आहे. १९५४ मध्ये ते कुरामाए येथील जुन्या क्रीडागृहात सुरू झाले आणि १९८५ मध्ये नव्या क्रीडागृहाबरोबर ऱ्योगोकूला आले. साकाई तादामासा या सुमोप्रेमी गृहस्थांनी अनेक वर्षे जमवलेला संग्रह हा त्याचा पाया. तेच त्याचे पहिले संचालक. प्रवेशाला शुल्क नाही. स्पर्धा चालू असते त्या दिवसांत मात्र स्पर्धेचे तिकीट असलेल्यांनाच आत जाता येते. जागा लहान आणि संग्रह मोठा, त्यामुळे मांडणी वेळोवेळी बदलते. लाकडी ठशांनी छापलेली मल्लांची जुनी रंगीत चित्रे, सोन्याचांदीच्या जरीने भरलेली मल्लांची मानाची वस्त्रे, पंचांच्या हातातील पंखे, आणि योकोझुना या सर्वोच्च पदाला पोहोचलेल्या मल्लांच्या प्रतिमा अशा वस्तू तेथे पाहावयास मिळतात.

या सर्व वस्तूंमध्ये त्या विद्यार्थ्याला खिळवून ठेवले ते एका साध्या कागदाने. त्याला जपानी भाषेत बान्झुके म्हणतात. सुमोच्या वर्षातून सहा मोठ्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक पंधरा दिवस चालते. प्रत्येक स्पर्धेपूर्वी सर्व मल्लांची क्रमवारी एका कागदावर लिहिली जाते. लिहिणारा लेखनिक नसतो, सुमोचा पंचच असतो. हे विशिष्ट वळणाचे अक्षर त्याला शिकावे लागते आणि आजही सारा तक्ता तो कुंचल्याने हाताने लिहितो. मग तो लहान आकारात छापून प्रसिद्ध होतो. एका उभ्या कागदावर असा तक्ता काढण्याची एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, प्रथा १७५७ पासूनची आहे.

तक्त्यात सर्वांत वर श्रेष्ठ मल्लांची नावे ठसठशीत अक्षरांत असतात. खाली उतरावे तसे अक्षर बारीक होत जाते. अगदी तळाच्या ओळीत नुकतीच सुरुवात केलेली मुले असतात. त्यांची नावे केसासारखी बारीक. त्या ओळीला गमतीने ‘भिंगाची ओळ’ म्हणतात, कारण ती वाचावयास भिंग लागते. परंतु तेथे नाव असतेच. अठराव्या शतकात एखाद्या मुलाने दोन स्पर्धा खेळून, हरून, गावाकडे परतून नांगर हाती धरला असेल, तरी त्याचे नाव आज शोधता येते. विद्यार्थ्याने लिहिले होते, “माझ्या आजोबांनी पंचवीस वर्षे कुस्ती केली. त्यांचे नाव कोणत्या कागदावर आहे?”

हा प्रश्न एका घराचा नाही. सुमो आणि आपली कुस्ती यांचे नाते दूरच्या भावंडांसारखे आहे. सुमोचा आखाडा मातीचाच असतो. दोहयो म्हणतात त्याला. आतील वर्तुळाचा व्यास ४.५५ मीटर. आपल्याकडे तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून हौदा मऊ व निर्मळ ठेवतात. तेथे लढतीपूर्वी मीठ उधळून जागा शुद्ध करतात. आपला मल्ल हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतो. सुमोपटू आखाड्यावर येऊन पाणी तोंडात घेतो आणि टाळी वाजवून वंदन करतो. आपल्याकडे तालीम आणि वस्ताद, तेथे ‘हेया’ नावाचे निवासी घर आणि त्याचा प्रमुख ओयाकाता. नवशिक्या मुलांनी पहाटे उठावे, झाडलोट करावी, थोरांना वाढावे आणि मग स्वतः जेवावे, हा तेथील क्रम आपल्या तालमीत राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. दोन्हीकडे शरीर घडवता घडवता माणूस घडवण्याची जिद्द आहे. फरक एवढाच की त्यांनी नावे लिहून ठेवली आणि आपण ती आठवणीच्या भरवशावर सोडली.

आपल्याकडे लिहिण्याची परंपरा नव्हती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. याच कर्नाटकातील कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मल्लविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांचे प्रकार, त्यांचा व्यायाम आणि आहार यांचा विचार त्यात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. ज्ञानाची नोंद झाली, डावांचीही झाली. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकचाक, मोळी हे डाव पुस्तकात सापडतात. राहिली ती माणसे.

राजाश्रयाची नोंदही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये युरोपचा प्रवास केला. रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांना आपल्या मल्लांसाठी तसे मैदान असावे असे वाटले आणि कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. मधला आखाडा सर्वांना सारखा दिसावा अशी त्याची उतरती गोलाकार रचना आहे. त्या मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले आणि तिची झळ खासबागेलाही पोहोचली. ती रात्र कोल्हापूरकर विसरू शकत नाहीत. दगडविटांची इमारत पुन्हा बांधता येते. पण जी आठवण एकाच ठिकाणी ठेवलेली असते, तिचा दुसरा उतारा नसतो आणि ती गेली की गेली, हा धडा त्या आगीने दिला.

आता एका नावाकडे वळू. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव, कराडच्या टिळक हायस्कूलचे आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती तेव्हा नवखी होती. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्याच गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानने त्या ऑलिंपिकमध्ये जिंकलेले ते एकमेव सुवर्ण. म्हणजे हेलसिंकीच्या त्या एका पदकमंचावर जपान आणि गोळेश्वर थोड्याच अंतरावर उभे होते. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि विस्मरण सुरू झाले. ते पोलीस खात्यात नोकरी करत राहिले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या नावे गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन वर्षानुवर्षे रखडले, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्या मुलाने ते पदकच लिलावात काढण्याचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला. ज्या पदकासाठी एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, ते पदक विकून मल्लाची आठवण जागवावी लागावी, ही वेळ समाजावर का आली याचा विचार प्रत्येकाने करावा.

खाशाबा तरीही भाग्यवान. त्यांचे नाव निदान उरले. सीमाभागातील एकसंबे गावचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले. ही नावे शिखरावरची. परंतु शिखर ज्यांच्या खांद्यावर उभे राहते त्यांचे काय? गावच्या जत्रेत आखाडा भरतो तेव्हा सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची मुले धरतात, पडतात, मूठभर रेवड्या घेऊन हसत पळतात. मग नारळावरच्या, मग थोड्याथोडक्या रुपयांच्या, आणि सूर्य कलल्यावर मोठ्या जोडी. भिंतीवर लावलेल्या जाहिरातीत पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे मल्ल छायाचित्रासह मोठ्या अक्षरांत असतात आणि खाली खाली नावे लहान होत जातात. म्हणजे आपल्याकडेही बान्झुके आहे! पण जत्रा संपली की त्यावर दुसरी जाहिरात चिकटते, पाऊस पडतो, कागद गळून जातो. रेवड्यांवरच्या मुलांची नावे तर त्या कागदावरही नसतात.

यावर तालमीतील एखादा जुना वस्ताद म्हणेल, ‘कुस्ती काचेच्या कपाटात राहत नाही. ती अंगात असते. एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. हौदा चालू आहे तोवर संग्रहालय कशाला?’ हे म्हणणे खोटे नाही. ज्या विद्येचा हौदा बंद पडला तिची कितीही कपाटे मांडली तरी ती परत येत नाही. मात्र ऱ्योगोकूला संग्रहालय आणि आखाडा एकाच छपराखाली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकीकडे लढत चालते आणि दुसरीकडे तिची नोंद राहते. लढणाऱ्याला ठाऊक असते की आपण हरलो तरी पुसले जाणार नाही. त्या भरवशाने त्याचे बळ वाढत असेल, कमी तर खास होत नसेल.

परंपरा जतन करताना विवेकही हवा, हेही सुमोकडूनच शिकण्यासारखे आहे. सुमोच्या आखाड्यावर स्त्रियांना पाऊल ठेवता येत नाही. २०१८ मध्ये माईझुरू येथे भाषण करता करता महापौर आखाड्यावर कोसळले; मदतीला धावलेल्या स्त्रियांना खाली उतरण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून देण्यात आली आणि जपानमध्येच त्यावर मोठा क्षोभ उसळला. आपल्या तालमींचे दरवाजेही मुलींसाठी पिढ्यान्‌पिढ्या बंदच होते. ते हळूहळू उघडले. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. जुन्या नोंदी जपायच्या त्या जुने सारे तसेच चालू ठेवण्यासाठी नव्हे. कोणाची नावे त्यात आलीच नाहीत, हे कळण्यासाठीही त्या जपायच्या असतात.

आता शाळेकडे येऊ. प्रत्येक शाळेत एक जाड, कापडी बांधणीचे पुस्तक असते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल पहिल्या दिवशी आले की त्यात एक ओळ लिहिली जाते: नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, आणि पुढे कधीतरी शाळा सोडल्याचा दिनांक व कारण. आपल्या शाळेच्या साठ वर्षांची ही पुस्तके कपाटात आहेत. कडा कुरतडल्या आहेत, काही पानांवर शाई फिकी झाली आहे. हीच आपली बान्झुके. या स्मरणिकेसाठी ती पुस्तके पुन्हा उघडली गेली तेव्हा शेवटच्या रकान्याने सर्वांना अंतर्मुख केले. दहावी उत्तीर्ण होऊन गेलेल्यांच्या ओळींमध्ये सहावीत, सातवीत थांबलेल्या ओळी आहेत. कोणी शेतीच्या कामासाठी, कोणी स्थलांतरामुळे. काही मुलींच्या नावापुढे कारण म्हणून एकच शब्द आहे, ‘विवाह’.

स्मरणिकांमध्ये साधारणतः गुणवंतांची यादी छापली जाते. बोर्डात आलेले, पदवी मिळवलेले, परदेशी गेलेले, या इलेक्ट्रॉनिक सिटीत मानाच्या जागी बसलेले. ती यादी याही वेळी असेल आणि असावीच. त्यांचा अभिमान शाळेला आहे. परंतु शाळा म्हणजे केवळ पहिल्या क्रमांकाची कुस्ती नव्हे. ज्यांनी वर्गात मागच्या बाकावर बसून दोन वर्षे काढली आणि मग दप्तर ठेवून दिले, त्यांचीही ती शाळा होती. त्या बाकावर बसलेल्यांतलेच कोणी आज गावाकडे तुमची शेते सांभाळत असतील, कोणाच्या मुली आज याच शाळेत शिकत असतील.

म्हणून या समारंभाला जमलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे मागणे देणगीपेक्षा वेगळे आहे. जनरल रजिस्टरांतील प्रत्येक नावाची यादी तयार होत आहे. जुनी पाने संगणकात उतरवून घेण्याचे काम तुमच्या हातचे आहे. त्या प्रती एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, हे खासबागेच्या आगीने शिकवलेच आहे. ज्या ओळी पुसट झाल्या आहेत त्या नावांची ओळख तुमच्या वर्गातील कोणाला तरी असेल. ती लिहून पाठवा. मुलींची नावे लग्नानंतर बदलली म्हणून त्या यादीतून हरवू नयेत. त्यांची दोन्ही नावे कळवा. घरातील जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे आजच पेन्सिलीने कोण, कुठे, कोणत्या वर्षी एवढे लिहून ठेवा. अजून दहा वर्षांनी सांगणारे कोणी नसेल. ज्यांच्या घरी तालमीतले आजोबा आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसावे, ते कोणाशी लढले, कोणाकडून हरले ते विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. आपल्या मुलांना हे काम द्या. बेंगळुरूत वाढणाऱ्या मुलांना मराठी लिहिण्याचे याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

त्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव कोणत्या कागदावर आहे, याचे उत्तर आज तरी कोणी देऊ शकत नाही. परंतु या शाळेत शिकलेल्या कोणाच्याही नातवाला तो प्रश्न पुन्हा पडू नये, एवढे करणे आपल्या हाती आहे. स्मरणिकेच्या अखेरीस विद्यार्थ्यांची जी यादी छापली जाईल ती प्रवेशाच्या क्रमाने असेल. जपानी तक्त्याप्रमाणे तीत वरचे नाव मोठे आणि खालचे बारीक असणार नाही. पहिल्या दिवशी आलेल्या मुलापासून यंदा पहिलीत बसलेल्या मुलीपर्यंत सर्वांचे अक्षर एकाच आकाराचे असेल, आणि ते वाचावयास भिंग लागणार नाही.